चिंधीची काकडी

मंगरूळपीरच्या बाजारात मला भावात हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी तोंडावर सांगतो आणि लोक मान्यही करतात. पण ते खरं नाही. बाजारापासून चार किलोमीटरवर, नाल्याच्या काठी, दीड एकर भाजीच्या वाडीत असा एक माणूस होता आणि मी त्याच्यापुढे पंधरा वर्षं हरत आलो. पुंजाजी आबाजी. माझे नात्याने कोणी नव्हते. मी त्यांचा माल उचलायचो, एवढंच. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे एक ठेला होता. बापाने मागे एक तराजू ठेवला होता, तोही एका बाजूला झुकणारा. बाकी सगळं मी तोंडाच्या जोरावर कमावलं. त्या दिवशी आबाजी विहिरीजवळ बसले होते. उंच, काटकुळे, गुडघ्यापर्यंत धोतर, कानांवर पांढरे केस. समोर काकड्यांची टोपली.

"काय भाव?" मी विचारलं.

"तू सांग."

मी सांगितला. आबाजींनी विहिरीकडे पाहिलं. मी थोडा वाढवला. त्यांनी शेजारचं गवत उपटलं. मी म्हटलं, "आबाजी, तोंडात गूळ धरला का? बोला ना काहीतरी!"

"मी आयकून राह्यलो ना. तू बोल."

बोलता बोलता मी कुठे जाऊन पोचलो ते मलाच कळलं नाही. पुढे मी चिडूनही पाहिलं. एकदा तर टोपलीला लाथ मारली. आबाजी उठले, सांडलेल्या काकड्या एकेक करून वेचल्या, धोतराच्या सोग्याला पुसल्या आणि परत टोपलीत रचल्या. चार बाजूला काढल्या. म्हणाले, "ह्या चार दबल्या. ह्या मी खातो. बाकीच्याचा सांग." मी सांगितला. नेहमीपेक्षा जास्त सांगितला. लाथ मारल्याची लाज वाटत होती ना.

आता ती काकडी काय होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वीतभर लांब, पांढरट हिरवी, अंगावर फिकट रेघा. तुमच्या-आमच्या घरी काकडी कापली की देठाकडचं टोक छाटून घासतात, फेस काढतात, तरी दहातली एक कडू निघतेच. आबाजींची काकडी देठापर्यंत गोड. उन्हाळ्याच्या बाजारात कधी ते स्वतः आले तर टोपलीतली कोणतीही काकडी उचलायचे, गिऱ्हाइकासमोर देठाकडून कचकन चावा घ्यायचे आणि चावत राहायचे. तोंड वाकडं होत नाही हे बायांनी पाहिलं की झालं. दुसरी जाहिरात नाही. हे वाण त्यांच्या आजाच्या वेळेपासून त्या वाडीत होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

वाडीत शिरायचे त्यांचे कायदे होते. सगळ्यात मोठा कायदा बोटाचा. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते पिवळं पडून गळतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. बाकीचे लोक हसत हसत पाळतात. आबाजी कोर्टाच्या हुकमासारखी पाळत. फळ दाखवायचं तर बोट दुमडून, पेराने दाखवायचं. दुसऱ्या वर्षी मी घाईत होतो, सरळ बोट करून म्हटलं, "ती द्या, ती पल्याडची." झालं. तिसऱ्या दिवशी गेलो तर आबाजींनी ती काकडी माझ्यासाठी राखून ठेवलेली. पिवळी, आक्रसलेली.

"पाह्य. तुह्या बोटाचं काम."

"आबाजी, माशीनं डंख मारला तिले. कीड हाये."

"माशीबी तुनंच बोलावली असन."

पुढचा सगळा हंगाम मी वाडीत शिरलो की ते ओरडायचे, "गजा, हात मांगं घे!" बाजारात मी नुसता हात वर केला तर हर्रास, म्हणजे लिलाव, थांबायचा आणि इथे मी शाळेतल्या पोरासारखा हात पाठीमागे बांधून सरीतून चालायचो.

आणि दुसरा कायदा चिंधीचा. दर हंगामाला वेलाच्या बुडाकडची, पहिल्या बहराची तीन फळं ते बियाण्याला राखत. ओळखू यावीत म्हणून देठाजवळ लाल चिंधी बांधत. ती फळं वेलावरच पिवळी-तपकिरी होईपर्यंत ठेवायची, मग फोडून बी काढायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं, राख चोळून वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात भरायचं आणि तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. आमच्या भागात चिंधीच्या फळाला कोणी हात लावत नाही. एका वर्षी आबाजींच्या वाडीत चोरी झाली. दोन कट्टे भरून वांगी आणि काकड्या गेल्या. चिंधीच्या तिन्ही काकड्या जागच्या जागी. मी तणतणत होतो, पोलिसात चला म्हणत होतो. आबाजी समाधानाने म्हणाले, "चोर आपल्याच इकडचा व्हता. भायेरचा असता तं ह्याबी नेल्या असत्या."

ते बी मला पाहिजे होतं.

हेच माझं दुखणं. मी ठेल्याची गाडी केली, गाडीचं दुकान केलं, मग नाल्याच्या वरच्या अंगाला दोन एकर घेतले. माझ्या मनात एकच होतं, ही काकडी लावायची. मागितलं. आबाजी म्हणाले, "भाजी माग. बी नको मागू." दुसऱ्या वर्षी मागितलं. तेच. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांचा मुलगा संदीप पुण्यात होता, त्याला सुट्टी मिळेना. मीच अकोल्याला घेऊन गेलो, दोन दिवस बाकड्यावर झोपलो. पट्टी बांधलेल्या डोळ्याने ते गाडीत बसले आणि आपण होऊन म्हणाले, "गजा, तुनं पोटच्या पोरासारखं केलं. माग काय पाह्यजे ते."

मी तोंड उघडलं.

"बी सोडून," ते म्हणाले.

"काहून पण? काहून, आबाजी?"

"तुले देलं का त्याले भाव फुटन. तू काही वाईट मानूस नाई. पन तुह्या हाती जे येते त्याचा भाव होते. अन् ते संद्याचं हाये."

"संदीपभाऊ चौथ्या मजल्यावर राह्यते! तो काकडी कोठी लावन, बाथरूमात?"

"लावन का नाई लावन, तो त्याचा सवाल. बी त्याचं हाये."

मी सरळ मार्गाने मागून थकलो, मग वाकड्याने गेलो. एक कोवळी काकडी दुकानात फळीवर पिकायला ठेवली. ती पिकली नाही, सडली, आणि वास असा सुटला की बायकोने काकडीबरोबर मलाही बाहेर काढलं असतं. मग निंदायला येणाऱ्या बाईला पैसे कबूल केले, चिंधीच्या फळातलं मूठभर बी आणून दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी आबाजी काकड्या मोजता मोजता सहज बोलले, "तिले कमी देऊन राह्यला व्हता तू. गरीब बाई हाये." चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

ज्या वर्षाचं सांगायचं आहे, त्या वर्षी माघात गारा पडल्या. उगवलेले वेल जमिनीत चेपले गेले. आबाजींनी तुंबा उतरवला आणि होतं नव्हतं ते सगळं बी दुबार लावलं. तुंबा पालथा करून झटकला. मी समोर होतो. म्हटलं, "थोडं ठेवा मांगं." म्हणाले, "वेल आला का बी आलंच." वेल आले. तीन फळांना चिंध्या बांधल्या. एक रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तुडवलं. एक आतून किडलं. विहिरीच्या बाजूच्या शेवटच्या सरीत एक राहिलं. आबाजी रोज सकाळी त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसायचे, पेराने टिचकी मारून ऐकायचे. "आनखी पंधरा-वीस दिवस," म्हणायचे.

चैत्रातला शनिवार होता. दुपारी मी गाडी घेऊन वाडीत गेलो. मंगरूळपीरला रविवारी एक मोठं लग्न होतं, त्याची काकडीची ऑर्डर मी घेतली होती, शब्द दिला होता. आबाजी खोपीत भाकर खात होते. भाकर, ठेचा, कांदा. एकटेच. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. तेवढ्यात नाल्यावरून एक पांढरी कार डुलत डुलत आली. आबाजी हात कपाळाशी नेऊन पाहू लागले.

"कोन साहेब आला रे? पंचनाम्याचा?"

कारमधून संदीप उतरला. मागून त्याची बायको रश्मी. आणि मागच्या दारातून सात वर्षांची ओवी, डोळ्यांवर गुलाबी गॉगल.

आबाजींच्या हातातला घास हातातच राहिला. ओवीला त्यांनी तीन वर्षांपूर्वी पाहिलं होतं, तेही पुण्याला चार तास. वाडीत ती कधी आलीच नव्हती.

"अकोल्याले लग्न होतं बाबा," संदीप म्हणाला, "काल आटपलं. उद्या रविवार. हिनंच म्हटलं, आबांकडे जाऊ."

"फोन नाई केला?"

"नाही केला. असंच आलो."

त्यानंतर दीड दिवस आबाजींनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. आधी तर हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना. बाजेवरची गोधडी झटकली, उलटी टाकली, परत झटकली. आत जाऊन नवा सदरा घालून आले, त्याची घडी छातीवर तशीच, कॉलरमध्ये टाचणी तशीच. रश्मीने हळूच ती काढली. ओवीला पाच वेळा विचारलं, "कितवीत हाये वं तू?" तिने पाचही वेळा "दुसरीत" सांगितलं आणि पाचही वेळा त्यांनी "अरे बाप्पा!" म्हटलं. मग रस्त्यावर जाऊन उभे राहिले. येणारी-जाणारी मोटारसायकल थांबवायची आणि सांगायचं, "पुन्याहून आले. न सांगता आले!" लोकांना त्यात काय मोठं ते कळत नव्हतं. आबाजी समजावून सांगायचे, "बोलावल्यावर तं कोनबी येते गा."

मी गाडी उभी करून ताटकळत होतो. शेवटी म्हटलं, "आबाजी, माल."

"आज माल नाई."

"काहून? वेलावर तं लदलद माल हाये!"

"घरची मानसं आली ना. त्यायले न्याव लागन."

"सगळा? आबाजी, लग्नाची ऑर्डर हाये, जबान देली मी!"

"मंग तुही जबान तू पाह्य." आणि लगेच खिशातून नोट काढून माझ्या हातात कोंबली. "जाय, दोन लिटर दूध आन. अन् ते थंड आन, डब्यातलं, पोट्टे खातात ते."

रश्मीने विचारलं, "बाबा, हे कोण?"

"हा? हा आपला भाजी नेनारा."

पंधरा वर्षं. अकोल्याचं बाकडं. भाजी नेणारा. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला. मी नोट तिथेच फेकून निघून जायला पाहिजे होतं. मी दूध आणलं आणि डब्यातलं थंडही आणलं. का, ते विचारू नका.

आलो तेव्हा ओवी सरीतून पळत होती. काकडी दिसली की सरळ बोट दाखवायची, "आबा, ही बघा! आबा, ही पण! ही, ही, ही!" मी आबाजींकडे पाहिलं. माझे स्वतःचे हात सवयीने पाठीमागे होते.

"लेकराच्या बोटानं काही होत नाई," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

संध्याकाळी गोवऱ्या पेटवून त्यांनी रोडगे केले, वांग्याची भाजी केली. राखेतून रोडगा काढायचा, फडक्यात धरून आपटायचा, तुपात बुडवायचा. रश्मीने मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "तू बस वं माय. तू काय रोज येते?" त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. संदीप दुसऱ्या रोडग्याला पुण्याचं बोलणं विसरला. "बाबा, आनखी एक द्या ना," म्हणाला आणि आबाजींनी त्याच्या ताटात दोन टाकले. ओवी म्हणाली, "आबा, सगळी शेती तुमची आहे?"

"तुहीच हाये सगळी."

"म्हणजे मी काहीपण तोडू?"

"काहीबी तोड. कोन काय म्हनते पाहतो मी."

मी हे ऐकलं. माझ्या मनात काहीच आलं नाही. त्यांच्याही मनात आलं नसणार. आमच्याकडे कोणाच्या मनात येईल? चिंधीचं फळ तोडू नको, हे कोणी कोणाला सांगतं का?

रविवारी सकाळी मी परत गेलो. निदान दोन टोपल्या तरी निघतील अशी आशा होती. आबाजींनी उजाडायच्या आत वेलावरची होती नव्हती ती सगळी कोवळी काकडी काढून दोन पिशव्या भरल्या होत्या, पुण्याला न्यायला. माझ्यासाठी एकही नाही. मी भांडायच्या तयारीने तोंड उघडलं आणि तेवढ्यात विहिरीच्या बाजूने ओवी पळत आली. दोन्ही हातांनी छातीशी एक मोठी, पिवळसर व्हायला लागलेली काकडी धरलेली. देठाजवळ लाल चिंधी.

"आबा! ही मला सापडली! सगळ्यात मोठी! तुम्ही हिला रिबन बांधली होती ना, माझ्यासाठी? सरप्राइज होतं ना?"

आबाजी बाजेवर बसले होते. उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांचा चेहरा मी पाहिला. वेलाला पाणी तोडल्यावर पान जसं एका दुपारीत लोंबतं, तसा. मी एक पाऊल पुढे टाकलं. मला संदीपची गचांडी धरायची होती. माळ्याचं पोर तू, तुझ्या लेकीला चिंधी म्हणजे काय ते माहीत नाही? तुझ्या पणज्यापासूनचं वाण... शब्द अगदी ओठांवर होते. आबाजींनी माझं मनगट धरलं. त्या काटकुळ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"व्हय वं माय," ते ओवीला म्हणाले. "तुह्याचसाठी बांधली. तुले बराबर दिसली, नाई?"

"मी लगेच ओळखलं!"

"ओळखनारच. नात कोनाची?"

मनगट त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या हाताने काकडी घेतली, मांडीवर ठेवली, मग विळा मागितला. चिंधी सोडून ओवीच्या वेणीला बांधली. काकडी उभी चिरली. मी वाकून पाहिलं. बी दुधात होतं. पांढरं, मऊ, नखाने दाबलं तर फुटणारं. त्याला अजून पंधरा दिवस पाहिजे होते. फक्त पंधरा दिवस.

ओवीने फोड चावली आणि तोंड वाकडं केलं. "ई, आंबट आहे!"

आबाजी हसले. खोकला येईपर्यंत हसले. सगळेच हसले. रश्मीने मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोत मी कडेला उभा आहे आणि माझा चेहरा पाहून कोणालाही वाटेल, या माणसाचं घर जळून राहिलं आहे आणि बाकीचे लोक जेवत आहेत.

संदीप मला गाडीजवळ गाठून म्हणाला, "गजूभाऊ, काय झालं? बाबांना काही त्रास आहे का? तुम्ही काही सांगत नाही."

मी आबाजींकडे पाहिलं. ते ओवीला खांद्यावर बसवून विहीर दाखवत होते. मान मात्र आमच्याकडे वळलेली.

"काही नाई," मी म्हटलं. "ऊन लागलं मले."

संध्याकाळी ते निघाले. मी काही कारण नसताना पुन्हा वाडीत गेलो होतो. ओवी खिडकीतून ओरडली, "आबा, आता दिवाळीच्या सुट्टीत! पुन्हा रिबनवाली ठेवाल ना? पण गोड ठेवा!"

"ठेवतो. तू ये तं खरी."

"प्रॉमिस?"

"प्रामिस," आबाजी म्हणाले.

धूळ खाली बसल्यावर ते खोपीत गेले आणि एक ताटली घेऊन आले. सकाळचं बी त्यांनी धुतलं होतं, राख चोळली होती. ताटली माझ्यापुढे धरली.

"घे."

"आबाजी, हे दुधातलं हाये. नाई उगवनार."

"मले नाई समजत का ते? पंधरा वर्स मागून राह्यला तू अन् मी नाई म्हनून राह्यलो. आता नाई म्हनाले काही राह्यलं नाई. घे."

"तुमी बोलले काहून नाई? एक शब्द! तोडलेली परत वेलाले तं लागली नसती, पन त्यायले समजलं तं असतं!"

"समजून काय झालं असतं? संद्या तिच्यावर खेकसला असता. ती रडली असती. मंग दिवाळीले आली असती का?" ताटली आणखी पुढे करत म्हणाले, "तू कोनाले सांगजो नको."

मी ते बी घेतलं. मला हवं होतं तेच बी, माझ्या हातात, फुकट. नाल्यावरच्या माझ्या जमिनीत चांगला वाफसा पाहून लावलं, दिवसातून दोनदा पाणी दिलं. एकही कोंब आला नाही. आबाजींच्या वेलांकडेही आम्ही दोघांनी रोज पाहिलं, एकेक पान उलटून. ऊन चढलं होतं, विहीर तळाला गेली होती, फुलं करपून गळत होती. वैशाखात वेल वाळले. ते वाण संपलं.

आता माझा राग कोणावर आहे? आबाजींवर आहे. मला वेळेवर मूठभर दिलं असतं तर आज ती काकडी मंगरूळपीरच्या बाजारात असती. संदीपवर आहे, त्याला अजून माहीतही नाही. त्या पोरीवर रागवावं म्हणतो तर जमत नाही. ती दिवसाआड फोन करायची आणि आबाजी बाजेवर उठून बसून बोलायचे, "हाये ना वं, वेल हाये, चांगला हाये," आणि समोर उघडी जमीन.

भादव्यात, पोळा होऊन पंधरा दिवस झाले नव्हते, पितृपक्ष अजून लागायचा होता, आबाजी झोपेतच गेले. संदीप आला, सगळं नीट केलं. मी खांदा दिला. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलेत ते त्याच्या आधीचे, आषाढातले.

मी मंगरूळपीरच्या स्टँडजवळ उभा होतो. समोरच्या बियाण्यांच्या दुकानातून आबाजी बाहेर आले. ते त्या दुकानाच्या पायरीवर चढलेले मी जन्मात पाहिले नव्हते. हातात चकचकीत पुडी, तिच्यावर हिरव्यागार काकडीचा फोटो. मी जवळ गेलो. त्यांनी पुडी माझ्यापुढे केली.

"कडू तं नसते ना रे हे?"

"नसते."

"दुकानवाला म्हने याचं बी धरू नका. दरसाल नवं न्या. आपन धरलं तं वानावर जात नाई म्हने."

"व्हय. तसंच असते ते."

"असू दे. चिंधी तं बांधता येते ना?"

बस आली. मी त्यांना हाताला धरून चढवलं. खिडकीजवळ बसले आणि पुडी बाहेर काढून मला विचारलं, "पाह्य तं, किती दिवसांत येते लिवलं?"

"पंचेचाळीस."

ते बोटांची पेरं मोजू लागले, दिवाळीपासून मागे. आश्विन, मग भादव्याचा उतरता पंधरवडा. अंगठा एका पेरावर थांबला.

"पितरपाटात लावाव लागन," ते म्हणाले. पितृपक्षात आमच्याकडे नवीन काही लावत नाहीत. पेरणाऱ्याला ते चांगलं नाही म्हणतात. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. तेच पेर आलं.

"लावतो," ते म्हणाले. "सुट्टी तं तिची तवाच लागते."

बस सुटली. वळणापर्यंत मला त्यांचा खिडकीवरचा हात दिसत होता. अंगठा अजून पेरांवरून फिरत होता.